अलायन्स एअरचं पुढं काय होणार, आणि आपल्या सांगली भागाचं?

गलाईवाला_विटा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

मी विट्याचा. घरचा धंदा गलाईचा, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. आमच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली पोरं या कामासाठी केरळपासून बंगाल-पंजाबपर्यंत पसरलेली आहेत, कुठल्याही सराफकट्ट्यावर जावा, मागच्या बोळात एखादं तरी आपलं माणूस मुशीपुढं बसलेलं दिसणारच. माझा थोरला भाऊ सिकंदराबादला असतो, वीस वर्षं झाली.

मागच्या वर्षी आमचे आप्पा गेले. रात्री अकराला दादाला फोन केला, त्यानं बसल्या जागी सकाळचं कोल्हापूरचं तिकीट काढलं, पहाटे चारला विमानतळावर. आम्ही इकडं सगळ्यांना निरोप दिला की दादा दुपारपर्यंत येतोय, मग माती. बोर्डिंग पास हातात पडला, बॅग आत गेली, आणि अडीच तासानं सांगितलं की विमान रद्द. कारण काय तर ऑपरेशनल रिझन. पुढचं विमान उद्या. (कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कुणी विचारू पण नका. अलायन्स नव्हती एवढं सांगतो.) दादानं तिथनं गाडी केली, सोलापूरवरनं निघाला, आम्ही दिवस मावळेपर्यंत थांबलो, पाऊस धरलेला, शेवटी जाणती माणसं म्हणाली आता थांबू नका. अग्नी मी दिला. दादा रात्री साडेनऊला पोचला. तिसऱ्या दिवशी सावडायला तेवढा होता. आईनं त्याचा शर्ट धुवायला काढला तर खिशात तो बोर्डिंग पास, तिनं विचारलं ही चिठ्ठी कसली, ठेवायची का टाकायची.

आता मुद्द्यावर येतो. मला त्या कंपनीचा राग आला नाही असं नाही, पण नंतर जास्त त्रास याचा झाला की त्या दिवशी त्या मार्गावर त्यांच्याकडं दुसरं विमानच नव्हतं. एक बिघडलं की दिवस संपला. तवापासनं मी या छोट्या कंपन्यांबद्दल वाचायला लागलो. त्यात अलायन्स एअर ही तर आपली, सरकारी. १९९६ साली इंडियन एअरलाइन्सनं काढलेली. डिसेंबर २०१८ ला हैदराबाद-कोल्हापूर-बंगळूर तिनंच सुरू केलं होतं, आमच्या गलाईवाल्यांना त्या दिवशी दिवाळी वाटलेली. टाटांनी २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया ताब्यात घेतली तवा हिला मागं ठेवली, ती सरकारच्याच एका होल्डिंग कंपनीकडं राहिली, आणि तवापासनं विकणार, नाही विकणार, बंद पडणार, पैसे देणार हेच चालू आहे. तोट्यात आहे हे तर उघडच आहे.

तर जाणकारांनी सांगा, हिचं आणि अशा बाकीच्या कंपन्यांचं पुढं काय होईल? आणि आपण इकडं बसून काही करू शकतो का?

तंतुवाद्य_मिरज

दादा, आप्पांचं वाचून वाईट वाटलं.

आमचा संबंध वेगळा आहे पण सांगतो. मी मिरजेचा, सतारमेकर गल्लीतला, आमच्याकडं तानपुरे-सतारी बनतात, चार पिढ्या. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तवा टीव्हीवाले आलेले, फोटो काढले, सगळं झालं. पण तानपुरा बंगळूरला पोचवायचा कसा हा प्रश्न तवाही होता, आजही आहे. भोपळा म्हणजे शेवटी वाळलेलं फळ, बोटभर सुद्धा जाडी नसते. रेल्वेनं पाठवला की पार्सल ऑफिसमध्ये कोण कसा ठेवेल सांगता येत नाही, एक धक्का लागला की भोपळ्याला केसासारखी चीर जाते, दिसत पण नाही, वाजवला की जव्हारी (तारा टेकतात त्या पट्टीची घासणी) बरोबर असून सुद्धा आवाज बसका येतो, मग गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही माल खराब दिला.

कोल्हापूरवरनं विमान सुरू झालं तवा वडील स्वतः एक तानपुरा घेऊन बंगळूरला गेले. शेजारच्या सीटचं जादा तिकीट काढलं, बेल्ट लावून बसवला त्याला, तासा-दीड तासात पोचले, त्याच दिवशी संध्याकाळी तो मैफलीत वाजला. वडील आजही ते सांगतात. नंतर विमानाच्या वेळा बदलत गेल्या, कधी असायचं कधी नसायचं, आम्ही परत राणी चन्नम्मा एक्सप्रेसकडं वळलो. एकदा गिऱ्हाइकाला शब्द देऊन विमान चुकलं की परत त्या भरवशावर शब्द देता येत नाही, तिकीट कितीही स्वस्त असूदे.

सीए_विश्रामबाग

गलाईवाला, आधी तुमच्या वडिलांना श्रद्धांजली.

आता हिशेबाचं बोलतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की सरकार पैसे देतंय तर कंपन्या बुडतात कशा. छोट्या शहरांना विमानानं जोडायची केंद्राची उडान योजना ऑक्टोबर २०१६ ची. पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली उडालं, ते अलायन्स एअरचंच, त्याच दिवशी आपल्याकडं नांदेड-हैदराबाद ट्रूजेटनं सुरू केलं. योजना अशी की साधारण तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये, पण ही मर्यादा सुमारे निम्म्या सीटांना, बाकीच्या बाजारभावानं विकायच्या. स्वस्त सीटांमुळं जो खड्डा पडतो तो सरकार भरून देतं, त्याला व्हीजीएफ म्हणतात, त्यात ८० टक्के केंद्राचे आणि २० टक्के राज्याचे. केंद्राचा वाटा पण खजिन्यातनं सरळ येत नाही, मोठ्या मार्गांवर उडणाऱ्या प्रत्येक विमानामागं एक छोटी आकारणी असते त्यातनं तो येतो. आणि हे सगळं फक्त ३ वर्षं. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला तर राहिला.

राहिला का? कॅगचा २०२३ चा अहवाल वाचा. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग वाटले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. आणि तीन वर्षांनंतरही मार्च २०२३ ला चालू होते किती, तर ५४. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा परत एकदा तपासले, कारण विश्वास बसेना.

ज्या ट्रूजेटनं पहिल्या दिवशी नांदेडचं विमान उडवलं, ज्यांनी २०१९ मध्ये आपलं कोल्हापूर-मुंबई चालवलं, ती कंपनी फेब्रुवारी २०२२ ला थांबली. त्याआधी २०१८ ला पुन्हा सुरू झालेल्या एअर डेक्कननं कोल्हापूर-मुंबई सुरू केलेलं, ते पण टिकलं नाही. मग ऑक्टोबर २०२२ ला स्टार एअर आली तेव्हा मुंबई परत जोडली गेली. मधले महिने कोल्हापूर-सांगलीचा माणूस महालक्ष्मी एक्सप्रेसनं जात होता, विमानतळ असून.

डेपो_आटपाडी

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी एसटीत ३१ वर्षं काढली, वर्कशॉपला होतो, आता रिटायर. विमानाला देता तेवढे पैसे लालपरीला द्या की. आमच्याकडं आजही अशी गावं आहेत की मुक्कामी गाडी बंद झाली म्हणून पोरींची शाळा सुटली. विमानात बसणार कोण, आणि त्याच्या तिकिटाला सरकारनं पैसे घालायचे कशाला. तोट्यात आहे तर बंद करा, नाहीतर विका. पुण्याला जायला वंदे भारत झाली २०२४ ला, सांगलीत थांबती, मिरजेत थांबती. बास की.

गलाईवाला_विटा

काका, तुमचं म्हणणं चूक नाही, मी स्वतः एसटीनंच शाळा शिकलो. पण वंदे भारत पुण्याला जाती, सिकंदराबादला नाही. आणि विमानात बसणारी सगळी मोठी माणसं नसतात हो. आमच्या गावातनं जे जातात ते दुकानात झोपणारे, शेगडीच्या उष्णतेनं हाताची कातडी जळालेली पोरं आहेत. ती रोज विमानानं जात नाहीत, वर्षातनं एखाद्या वेळेला जातात, पण ती वेळ मयताची असती, बाळंतपणाची असती, नाहीतर कोर्टाच्या तारखेची. त्या दिवशी २५०० च्या जागी ५००० म्हणाला असता तरी दादानं दिले असते. विमान पाहिजे होतं, स्वस्त नको होतं.

जवान_खटाव

गलाईवाला दादाच्या शेवटच्या ओळीला +१. आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी, सुट्टी मिळती मोजून. पुण्यापर्यंत विमानानं येतो, पुढं हायवेचं काम चालू, साताऱ्याला पोचायला कधी दोन तास कधी पाच. सुट्टीतला एक दिवस जाताना आणि एक येताना रस्त्यातच जातो.

रात्रपाळी_एएमई

मूळ मिरजेचा, सध्या बाहेर असतो, विमान देखभालीत लायसन्स्ड इंजिनिअर आहे, एटीआरवरच काम केलंय बरीच वर्षं. कुठल्या कंपनीत ते सांगत नाही. गलाईवाला, तुमची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही, कारण ‘ऑपरेशनल रिझन’ असं ज्या दिवशी प्रवाशाला सांगतात त्या दिवशी हँगरमध्ये काय चाललेलं असतं ते मला माहितीय.

एटीआर ७२ हे विमान छोट्या मार्गांसाठी उत्तम आहे, पंख्याचं आहे म्हणून लोक नाक मुरडतात पण जवळच्या अंतरावर जेटपेक्षा तेल खूपच कमी खातं, आखूड धावपट्टीवर उतरतं. कोल्हापूरची धावपट्टी आधी १३७० मीटर होती, आता १९३०. हे विमान इतकं साधं ठेवलंय की त्याला शेपटीतलं ते वेगळं छोटं इंजिन पण नसतं, जमिनीवर उभं असताना उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून ठेवायचा आणि इंजिन चालू ठेवून त्यावर दिवे-एसी चालवायचे, आम्ही त्याला हॉटेल मोड म्हणतो. तुम्ही शिडी चढताना एका बाजूनं घरघर येते आणि पंखा मात्र स्थिर दिसतो, ते हेच.

पण कितीही चांगलं विमान असलं तरी ते मशीन आहे. समजा कंपनीकडं पाच विमानं आहेत आणि पाचही वेळापत्रकात लावलीत. एक विमान दिवसात सहा-सात उड्डाणं करतं. सकाळी पहिल्या ठिकाणी एक सेन्सर गेला. तो पार्ट त्या छोट्या विमानतळावर नाही, कदाचित आपल्या स्टोअरमध्ये पण नाही, कारण विकत आणायला डॉलर लागतात आणि सप्लायरचे आधीचे पैसे थकलेत. मग काय करायचं, हँगरमध्ये इंजिनाची वाट बघत उभं असलेलं जे विमान आहे त्याचा पार्ट काढायचा आणि याला लावायचा. आमच्याकडं याला रॉबरी म्हणतात. पार्ट काढायचा, कागदावर नोंद, बसवायचा, टेस्ट, परत नोंद. दोघांचं काम दुप्पट झालं, आणि ज्याचा काढला ते विमान आणखी लांबणीवर पडलं. असं महिनाभर चाललं की ते उभं विमान नुसता सांगाडा उरतं. त्याचं भाडं मात्र दर महिन्याला डॉलरमध्ये जातच असतं, उडो किंवा न उडो.

आणि तेवढ्यात वैमानिकांची ड्युटीची वेळ संपते. ती मर्यादा सुरक्षेसाठी आहे, तिला हात लावायचाच नाही. झालं, संध्याकाळची दोन उड्डाणं रद्द. लोक शिव्या देतात काउंटरवरच्या बावीस वर्षांच्या मुलीला. पुढच्या वेळी तिकीट काढत नाहीत. सीट रिकाम्या राहिल्या, पैसे आले नाहीत, पार्ट आणखी थकले, आणखी विमानं रद्द. मी हे चक्र दोन ठिकाणी जवळून बघितलंय. कुणी बुडवतं म्हणून छोटी विमान कंपनी बुडते असं नाही, ती रोज थोडी थोडी रद्द होत होत संपते.

डेपो_आटपाडी

एएमई साहेब, थांबा. तुम्ही जे सांगितलं ते मी ३१ वर्षं केलंय. आमच्याकडं पण तेच, उभ्या गाडीचा सेल्फ काढ आणि याला लाव. पण आमच्या डेपोत एक नियम होता, रोजच्या शेड्यूलला जेवढ्या गाड्या लागतात त्यापेक्षा दोन-चार जास्त ठेवायच्या. स्पेअर गाडी. सकाळी सहाची पुणे गाडी गेटात बंद पडली की अर्ध्या तासात स्पेअर काढायची, पाटी बदलायची, पाठवायची. ज्या दिवसात वरनं गाड्या कमी आल्या आणि स्पेअर पण लाइनला लावायला लागल्या, त्या दिवसापासनं डेपोचं नाव खराब झालं. पॅसेंजर वडापच्या जीपकडं गेला आणि परत आला नाही.

विमानवाल्यांकडं स्पेअर नसती का?

रात्रपाळी_एएमई

काका, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मोठ्या कंपन्यांकडं असते, शेकड्यानं विमानं असली की दोन-चार राखीव ठेवणं जड जात नाही. पाच-दहा विमानांच्या कंपनीत एक विमान राखीव ठेवायचं म्हणजे दहा-वीस टक्के ताफा नुसता उभा, आणि त्याचं भाडं चालू. मालक म्हणतो उभं का ठेवता, आणखी एक मार्ग लावा. आणि सरकारचे पैसे पण उडवलेल्या सीटांवर मिळतात, राखीव विमानावर एक रुपया मिळत नाही. म्हणजे सगळी योजनाच कंपनीला सांगते की जे आहे ते सगळं उडव.

सीए_विश्रामबाग

हा मुद्दा मी असा कधी बघितला नव्हता, पण बरोबर आहे. व्हीजीएफ हे तिकीट स्वस्त करायला आहे, सेवा भरवशाची करायला नाही. त्यात भाड्याचं पण ऐका. मे २०२३ ला गो फर्स्ट ही विमान कंपनी बसली, दिवाळखोरीत गेली, त्यांची ५४ विमानं ज्या परदेशी कंपन्यांची होती त्यांना ती जवळजवळ वर्षभर परत नेता आली नाहीत, एप्रिल २०२४ ला दिल्ली हायकोर्टानं आदेश दिला तेव्हा कुठं सुटली. त्या काळात भारतातल्या कंपनीला विमान भाड्यानं द्यायचं म्हणजे धोका असं जगभर झालं. आणि याची झळ मोठ्यांना कमी, छोट्यांना जास्त. २०२५ ला संसदेनं त्यासाठी वेगळा कायदा केला की पैसे थकले तर मालकाला विमान नेता यावं. कायदा चांगला आहे, भाडं उतरायला मदत होईल, पण थकबाकी असलेल्या छोट्या कंपनीला आता सवड पण कमी मिळेल हे विसरू नका.

इंधनाचं पण तेच. विमानाचं तेल जीएसटीत नाही, राज्याचा व्हॅट वेगळा. उडानच्या विमानतळावर राज्यांनी तो १ टक्क्यावर ठेवायचा असं आहे, पण विमान दुसऱ्या टोकाला मोठ्या शहरात तेल भरतं. महाराष्ट्रानं २०२३ ला मुंबई-पुण्याचा दर २५ वरून १८ केला, तरी १८ म्हणजे १८.

कवलापूर_हवंच

सगळे कोल्हापूर कोल्हापूर करताय, सांगलीचं काय? कवलापूरची धावपट्टीची जागा पडून आहे, त्यासाठी लोकांनी आंदोलनं केली, जागा वाचवली. आधी आपलं विमानतळ होऊदे, मग कंपन्या आपोआप येतील. अंकली-जयसिंगपूर करत उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर जायचं आणि तिथं कळायचं विमान रद्द, हे किती दिवस.

कऱ्हाडकर

आपोआप येत नाहीत हो. आमच्या कऱ्हाडची धावपट्टी कोयना धरणाच्या काळातली. विस्तारासाठी वारुंजी-केसे-मुंढेची बागायती जमीन मागतात, शेतकरी वर्षानुवर्षं विरोध करतायत. आज तिथं काय उडतं तर ट्रेनिंगची विमानं आणि मंत्र्यांची हेलिकॉप्टरं.

आणि सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ बघा. आमची सासुरवाडी मालवण. ९ ऑक्टोबर २०२१ ला केवढा सोहळा झाला, मुंबई-सिंधुदुर्ग विमान सुरू, तेही अलायन्स एअरचंच. तीन वर्षं उडानची झाली आणि ऑक्टोबर २०२४ ला ते बंद. टर्मिनल तसंच, धावपट्टी तशीच, लाल मातीत चकाचक. माझे सासरे पहिल्या आठवड्यात विमानानं मुंबईला जाऊन आलेले, मुलाला बघायला. आता परत कोकणकन्या. गोव्याच्या फ्लाय९१ कंपनीनं पुणे वगैरे जोडलं म्हणून जरा धुगधुगी आहे. मी कवलापूरच्या विरोधात नाही, पण सिमेंट आधी आणि विमान नंतर असं केलं की हे होतं.

कवलापूर_हवंच

म्हणजे आम्ही मागायचंच नाही का? कोल्हापूरचं टर्मिनल मार्च २०२४ ला नवीन झालं तेव्हा कुणी विचारलं नाही कंपनी कुठाय म्हणून. सांगलीला दरवेळी शहाणपण शिकवतात. २०१९ च्या महापुरात शिरोलीला हायवे पाण्याखाली होता, आम्ही इकडं अडकलेलो, कोल्हापूरचं विमानतळ आम्हाला चंद्रावर असल्यासारखं होतं. जागा हातातनं गेली की परत येत नाही, एवढंच म्हणणं आहे.

कऱ्हाडकर

जागा राखा, त्याला माझा पाठिंबा. पुराचा मुद्दा पण मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता.

पलूस_बागाईतदार

द्राक्षं काही विमानानं जात नाहीत, ती कंटेनरनं बंदरातनं जातात, त्यामुळं आम्हाला गरज नाही असं लोक म्हणतात. पण माल बघायला येणारा माणूस येतो ना विमानानं. तो विचारतो पुण्यावरनं किती तास. साडेचार-पाच म्हटलं की म्हणतो नाशिकला बघतो.

तंतुवाद्य_मिरज

एक विचारू का, जाणकारांना. अलायन्स एअर विकली तर काय होईल? खाजगी मालक नीट चालवणार नाही का? डेपो काका पण म्हणाले विका.

सीए_विश्रामबाग

विकायला हरकत नाही, पण घेणारा काय घेणार हे बघा. विमानं बरीचशी भाड्याची, मार्ग तोट्याचे, जुनी देणी. खाजगी मालक घेतला की पहिलं काम तोट्याचे मार्ग कापणार, आणि ते चूक पण म्हणता येत नाही, त्याला बँकेचं व्याज भरायचंय. मग एप्रिल २०२५ ला हिनं सुरू केलेलं अमरावती-मुंबई कोण चालवणार? अरुणाचलमध्ये पासीघाटला एचएएलनं बनवलेलं हिचं छोटं डॉर्नियर विमान उतरतं ते कोण उतरवणार? ही कंपनी धंदा म्हणून बघितली तर बंदच करावी लागेल. सेवा म्हणून बघायची असेल तर सरळ तसं म्हणावं आणि दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी. आज काय होतं, ना धड धंदा ना धड सेवा, पैसे पण देतात पण इतके उशिरा आणि इतके थोडे की त्यातनं जुनी देणी भागतात, नवीन पार्ट येत नाहीत. हे आधी पण झालंय. १९८१ ला सरकारनं वायुदूत कंपनी काढली, छोट्या गावांना जोडायला, पुढं तिच्याकडं पण डॉर्नियर आली. १९९३ पर्यंत ती इंडियन एअरलाइन्समध्ये गुंडाळली. तिचे मार्ग गेले ते गेलेच.

हुबळी_मिरज_प्रवासी

मला कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन आठवते. २००३ ला त्यांचं पहिलं विमान बंगळूर-हुबळी होतं, एटीआरच. मी तेव्हा हुबळीला कामाला. बाजारपेठेतले व्यापारी आपापल्या बायकांना घेऊन नुसतं एकदा बसायचं म्हणून गेले होते. पुढं ती किंगफिशरमध्ये गेली आणि २०१२ ला किंगफिशरच बंद. त्यामुळं लोकांना विमान नको असतं हे मला पटत नाही, लोक तर पहिल्या दिवसापासून तयार होते.

रात्रपाळी_एएमई

बरोबर. आणि मुंबईच्या वेळेचा मुद्दा राहिला. छोट्या कंपनीला मुंबईत सकाळ-संध्याकाळचा स्लॉट (उतरायची-उडायची ठरलेली वेळ) मिळत नाही, तो मोठ्यांकडं. दुपारी एकला मुंबईत उतरून कुणाचं काम होणार आहे, मंत्रालयात जाईपर्यंत जेवणाची सुट्टी. आता नवी मुंबई डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालंय, तिथं जागा आहे, तर सकाळी जाऊन रात्री परत येता येईल अशी वेळ आत्ताच मागून घेतली पाहिजे. दोन वर्षांनी तिथं पण गर्दी होईल.

डेपो_आटपाडी

मी काल म्हणालो बंद करा. ते मागं घेतो. एसटीला पैसे पाहिजेत हे माझं म्हणणं कायम आहे, पण एक बंद करून दुसरं जगत नाही हे आमच्याच डेपोत बघितलंय, एक रूट बंद केला की त्याच्यावर येणारा दुसऱ्या रूटचा पॅसेंजर पण तुटतो.

तर गलाईवाले, अर्ज करा. पण अर्जात नुसतं ‘विमानसेवा सुरू ठेवावी’ असं लिहू नका, असले अर्ज मी गठ्ठ्यानं बघितलेत, त्याच्यावर ‘नोंद घेतली’ एवढंच येतं. नेमकं मागा.

गलाईवाला_विटा

काका, लिहायला घेतलंय. सगळ्यांचं वाचून एवढं ठरवलंय. मोठ्ठी मागणी तिकीट स्वस्त करा ही नाही. मागणी अशी की मार्ग देताना कंपनीकडं राखीव विमान आहे का हे बघा, आणि त्या राखीव विमानाच्या भाड्यातला काही भाग व्हीजीएफमधनं द्या. अलायन्स एअरचं काय ते एकदा सांगून टाका, विकणार तर कोणते मार्ग किती वर्षं चालवायची अट घालणार ते सांगा, ठेवणार तर दरवर्षी पैसे किती आणि कधी ते सांगा. २०२५ च्या बजेटमध्ये पुढच्या १० वर्षांत १२० नवीन ठिकाणं जोडणार म्हणालेत, तर नवीन १२० जोडायच्या आधी जी जोडून तुटली ती बघा. आणि नवी मुंबईत छोट्या विमानांना सकाळ-संध्याकाळची वेळ. कवलापूरच्या जागेचं पण एक वाक्य घालतोय, जागा राखून ठेवावी म्हणून.

रद्द झालेल्या विमानाबद्दल एक स्वतंत्र परिच्छेद लिहिलाय. मयताला, दवाखान्याला निघालेल्या माणसाला काउंटरवर निदान खरं कारण आणि खरी वेळ सांगा, म्हणजे तो तासभर आधी गाडी तरी करेल. दादा तिथं अडीच तास बसून होता, आता सुटेल मग सुटेल करत. ते अडीच तास मिळाले असते तरी तो दिवस मावळायच्या आत विट्यात आला असता.

रात्रपाळी_एएमई

हा परिच्छेद सगळ्यात वर घ्या. त्यात ‘तांत्रिक बिघाड झाल्यास अंदाजे वेळ इंजिनिअरकडून घेऊन प्रवाशाला कळवावी’ असं घाला. आम्हाला वेळ माहीत असते. बऱ्याचदा पहिल्या वीस मिनिटांतच कळतं की हे आज उडत नाही.

सीए_विश्रामबाग

मसुदा मला पाठवा, आकडे मी तपासून देतो. खासदारांच्या सांगलीच्या ऑफिसला आणि मंत्रालयाला दोन्हीकडं एकाच दिवशी द्या, पोच घ्या.

तंतुवाद्य_मिरज

आमच्या गल्लीतल्या २२ सह्या झाल्या. वडिलांनी पहिली केली.

कवलापूर_हवंच

माझी पण घ्या. आणि कऱ्हाडकरांची घेतली का?

कऱ्हाडकर

केली कालच.

डेपो_आटपाडी

‘राखीव विमान’ हा शब्द बरोबर आहे. तोच ठेवा, इंग्रजी घालू नका, साहेबाला एका वाचनात कळला पाहिजे.

गलाईवाला_विटा

ठेवला. सोमवारी सांगलीला जाऊन देतोय, विट्यातनं आम्ही सहा जण आहोत, मिरजेचे लोक ऑफिसच्या दारात भेटतील. पोच मिळाली की इथं टाकतो.

पुढच्या महिन्यात आप्पांचं वर्षश्राद्ध आहे. दादा येतोय. विमानाचं बघू का म्हणून विचारलं मी, तर नको म्हणाला, रेल्वेचं तिकीट काढलंय, दोन दिवस आधी निघणार आहे.